दुसऱ्या श्रेणीतील सिस्टर: संत फॉस्टिना यांचे म्हणणे कोणी आणि कसे ऐकले

ठाण्यातील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत एक चित्र हमखास दिसते, मग ते घर तलावपाळीच्या परिसरातील जुन्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातील मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबाचे असो किंवा श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागातून येऊन लोकमान्य नगरात एका खोलीत संसार थाटलेल्या कुटुंबाचे असो. उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला, डावा हात छातीपाशी आणि तिथून निघणारे दोन किरण, एक लाल व एक फिकट, असा येशू त्या चित्रात उभा असतो आणि त्याच्या पायाशी भरवशाचे एक छोटे वाक्य लिहिलेले असते. दुपारी तीन वाजता या चित्रापुढे दैवी दयेची जपमाळ म्हणणाऱ्या बायकांना संत फॉस्टिना हे नाव माहीत असते. परंतु ही संत मठाच्या स्वयंपाकघरात, बागेत आणि फाटकावर राबणारी सिस्टर होती, तिचे शालेय शिक्षण पुरते तीन वर्षेही झालेले नव्हते आणि मठात येण्यापूर्वी ती परक्या घरांत मोलकरीण म्हणून काम करत होती, हे फार थोड्या जणींना माहीत असते.

आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चशी जोडलेल्या वस्तीतील) मराठी भाषिक स्त्रियांच्या वाचन-गटाने ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात हे चरित्र वाचायला घेतले. गटातल्या निम्म्याहून अधिक बायका घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत धुणीभांडी, स्वयंपाक किंवा मुले सांभाळण्याचे काम करतात, त्यामुळे हे वाचन लवकरच संतचरित्राच्या भाविक वाचनापुरते राहिले नाही. त्यांनी प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नांमुळे हे चरित्र एक प्रकरण म्हणून तपासावे असे वाटू लागले. प्रकरणाचा मुख्य प्रश्न असा आहे: जिथे स्त्रीचे स्थान तिच्या शिक्षणावरून आणि तिने सोबत आणलेल्या पैशावरून ठरते, त्या संस्थेतील सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्त्रीने एक असाधारण गोष्ट सांगितली, तर ती गोष्ट ऐकणाऱ्यांनी काय करावे? फॉस्टिना यांच्या बाबतीत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे केले आणि त्या फरकातूनच शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पार्श्वभूमी

हेलेना कोवाल्स्का, म्हणजे पुढच्या संत फॉस्टिना, हिचा जन्म २५ ऑगस्ट १९०५ रोजी पोलंडमधील ग्वोगोव्ह्येत्स या खेड्यात झाला. पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. वडील स्तानिस्लाव्ह सुतारकाम आणि थोडी शेती करत, आई मारियाना घर सांभाळत असे, आणि दहा मुलांत हेलेना तिसरी. घरातल्या मुलींना रविवारच्या मिस्सासाठी (चर्चमधील मुख्य उपासनेसाठी) घालण्याजोगा एकच चांगला पोशाख होता आणि तो त्या आळीपाळीने घालून चर्चला जात, अशी आठवण सांगितली जाते. हेलेनाची पाळी नसेल त्या रविवारी ती प्रार्थनेचे पुस्तक घेऊन घरातच एका कोपऱ्यात बसे. हा तपशील वाचला तेव्हा गटात कोणालाच त्याचे नवल वाटले नाही; हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला बहिणी-बहिणींनी एकच साडी वाटून नेसल्याचे एकीने लगेच सांगितले.

शाळेत ती बाराव्या वर्षी गेली आणि तीन वर्षे पुरी होण्याआधीच तिला शाळा सोडावी लागली. पुढे सोळाव्या वर्षाच्या आसपास तिने घर सोडले आणि अलेक्सान्द्रूव व नंतर वूच या शहरांत घरकाम केले. मठात जाण्याची इच्छा तिने आईवडिलांना सांगितली होती, पण त्यांनी ती साफ नाकारली. त्या काळी मठात प्रवेश घेणाऱ्या मुलीने सोबत हुंडा आणि कपडेलत्ते आणणे अपेक्षित असे, आणि कर्जात असलेल्या या घरात त्यासाठी काहीच नव्हते. वडिलांचे मुलीवर प्रेम होते आणि ती घरातील चांगली कामाची मुलगी होती, हेही नकाराचे एक कारण असावे असे मला वाटते.

वूच शहरात तिने एका दुकानदार बाईकडे मुले सांभाळण्याचे काम धरले, तेव्हा आपल्या अटी आधी सांगितल्या: रोज मिस्साला जाण्याची मुभा हवी, आजारी व मरणासन्न माणसांना भेटायला वेळ हवा, आणि आपल्या नेहमीच्या धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला जाता यायला हवे. मालकिणीने त्या मान्य केल्या. चरित्र सांगताना हा प्रसंग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा अर्थ लावण्यासाठी तो अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण हिच्या नम्रतेत स्वतःला हवे ते न मागण्याची सवय नव्हती, हे इथेच दिसते. रविवारची अर्धी सुट्टी मागताना आपली जीभ कशी जड होते हे आमच्या गटातील प्रत्येक बाई जाणते, आणि सतरा वर्षांच्या परगावच्या मुलीने कामावर रुजू होण्यापूर्वीच या अटी घातल्या, याचे मोल त्यांना कोणत्याही चमत्कारापेक्षा अधिक वाटले.

१९२४ च्या उन्हाळ्यात वूचमधील एका उद्यानातल्या नाचाच्या समारंभात ती बहिणीसोबत गेली असता जखमी, छळलेला येशू आपल्याजवळ उभा असून 'किती काळ वाट पाहायला लावणार?' अशा अर्थाचे विचारत आहे, असे तिला दिसले, असे तिने पुढे लिहून ठेवले. ती तिथून उठून कॅथेड्रलमध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांना न विचारता, अंगावरच्या कपड्यांनिशी वॉर्सोची आगगाडी धरली. वॉर्सोत तिचे कोणीही नव्हते. एका धर्मगुरूंनी तिला ओळखीच्या कुटुंबात आसरा मिळवून दिला आणि मग ती एकामागून एक मठांची दारे ठोठावू लागली.

फाटक

अनेक ठिकाणी तिला नकार मिळाला. मोलकरणींना आम्ही घेत नाही, असे एका दारावर तिला ऐकवण्यात आले. शेवटी झित्निया रस्त्यावरील 'दयेची माता' या धर्मभगिनींच्या संघाच्या मठात तेथील प्रमुख मदर मिखाएला मोराचेव्हस्का तिच्याशी बोलायला आल्या. मुलीचे रूप, कपडे आणि शिक्षण यांतून त्यांना विशेष काही जाणवले नाही, पण बोलणे झाल्यावर त्यांनी तिला चॅपेलमध्ये जाऊन 'घराच्या धन्याला', म्हणजे येशूला, 'विचारून ये' असे सांगितले. हेलेना आत गेली, प्रार्थना केली आणि धन्याने होकार दिल्याचे सांगत परत आली. त्यावर मदरनी तिला घेण्याचे मान्य केले, मात्र लागणारे कपडे व सामान यांसाठी पैसे तिने स्वतः कमवून आणावेत, अशी अट ठेवली.

म्हणून पुढचे सुमारे एक वर्ष हेलेनाने वॉर्सोजवळच्या ऑस्त्रूवेक येथे एका कुटुंबाकडे पुन्हा घरकाम केले आणि साठेल तसे पैसे मठात नेऊन ठेवले. १ ऑगस्ट १९२५ रोजी तिला प्रवेश मिळाला. ३० एप्रिल १९२६ रोजी क्राकोवजवळच्या वाग्येव्ह्निकी येथे तिला मठाचा वेष आणि सिस्टर मारिया फॉस्टिना हे नाव मिळाले, दोन वर्षांनी तिने पहिली व्रते घेतली आणि १ मे १९३३ रोजी आजन्म व्रते घेतली.

या संघातील सिस्टर्स दोन श्रेणींत विभागलेल्या होत्या. शिकलेल्या सिस्टर्स पहिल्या श्रेणीत असत. संघाच्या आश्रयाला असलेल्या मुलींना शिकवणे, संस्था चालवणे ही कामे त्यांच्याकडे असत. गरीब घरांतून, थोड्या शिक्षणावर आलेल्या सिस्टर्स दुसऱ्या श्रेणीत जात आणि स्वयंपाक, बाग, धुलाई, बेकरी, फाटक ही कामे त्यांच्या वाट्याला येत. ही या एकाच संघाची पद्धत नव्हती; युरोपातील अनेक मठांत ती शतकानुशतके होती. समाजातली पायरी मठाच्या दारातून आत आली आणि तिला धार्मिक शिस्तीचे रूप मिळाले, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. फॉस्टिना दुसऱ्या श्रेणीत गेल्या आणि मरेपर्यंत तिथेच राहिल्या.

नवसाधिका असताना त्यांना स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्यांच्या मोठाल्या भांड्यातील पाणी निथळण्याचे काम होते. अशक्तपणामुळे भांडे पेलत नसे आणि निम्मे बटाटे बाहेर सांडत, म्हणून त्या ते काम टाळू लागल्या. पुढे प्रार्थनेत बळाचे आश्वासन मिळाल्यावर त्या इतरांच्या आधी धावून भांडे उचलत, आणि एकदा झाकण काढले तर बटाट्यांच्या जागी लाल गुलाब दिसले, असे त्यांनी लिहिले आहे. गटातील बायका गुलाबांपाशी फारशा थांबल्या नाहीत. एवढ्या अशक्त मुलीला तेच काम पुनःपुन्हा का दिले, आणि तिने सांगूनही 'हळूहळू सवय होईल' असे उत्तर का मिळाले, हे त्यांना हवे होते. याचे समाधानकारक उत्तर चरित्रात मिळत नाही आणि मीही ते बनवून दिले नाही.

प्वोत्स्क, १९३१

प्रकरणाचा गाभा इथून सुरू होतो. १९३० मध्ये फॉस्टिना यांची बदली प्वोत्स्क येथील मठात झाली होती. तिथे त्या बेकरीत, स्वयंपाकघरात आणि पावाच्या दुकानात काम करत. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी, रविवारी संध्याकाळी, आपल्या खोलीत शुभ्र वस्त्रातील येशू आपल्याला दिसला, त्याने दिसले तसे चित्र काढून घ्यायला आणि त्याखाली 'येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवते' असे लिहायला सांगितले, आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी दयेचा सण असावा अशी इच्छा सांगितली, असे त्यांनी कळवले. दर्शन खरे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. ख्रिस्तसभेतही, म्हणजे कॅथलिक चर्चमध्येही, अशा खाजगी दर्शनांवर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर नसते. इथे पाहायचे आहे ते एवढेच की, पावाच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या सिस्टरने हे सांगितल्यावर काय झाले.

पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले की, हे चित्र तुझ्या आत्म्यात रंगव, म्हणजे झाले. मठाच्या प्रमुखांनी येशूकडून काहीतरी खूण माग, म्हणजे आम्हाला कळेल, असे म्हटले. सहकारी सिस्टर्समध्ये कुजबुज सुरू झाली, काहींनी तिला भ्रमिष्ट ठरवले, काहींनी तिच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. फॉस्टिना यांना स्वतःला चित्र काढता येत नव्हते आणि काढून देणारा चित्रकार मिळवण्याची ऐपत किंवा अधिकार दुसऱ्या श्रेणीतील सिस्टरकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ तीन वर्षे गोष्ट तिथेच राहिली.

या उत्तरांमध्ये कोणीही त्यांना खोटारडे म्हटलेले नाही. 'आत्म्यात रंगव' हे उत्तर आध्यात्मिकदृष्ट्या सुंदर वाटते, 'खूण माग' हे उत्तर सावधपणाचे वाटते, आणि ख्रिस्तसभेला अशा प्रसंगी सावध राहावेच लागते, यात शंका नाही. पण दोन्ही उत्तरांनी बोलणारीचे ओझे पुन्हा बोलणारीच्याच डोक्यावर ठेवले आणि ऐकणाऱ्याने स्वतः करायचे काम, म्हणजे विचारपूस, तपासणी, लेखी नोंद, यांतले काहीच केले नाही. कामावरच्या एखाद्या घरी काही सामान हरवले आणि बाई खरे सांगत असली, तरी 'मग तू सिद्ध कर' असे ऐकावे लागते, तसा हा प्रकार असल्याचे गटातील एकीने म्हटले. मला तिचे म्हणणे पटते.

विल्नियस, १९३३ ते १९३६

आजन्म व्रतांनंतर, मे १९३३ मध्ये, फॉस्टिना यांची नेमणूक विल्नियस येथे झाली. त्या काळी हे शहर पोलंडमध्ये होते. काम बागेचे होते. इथे दर आठवड्याला सिस्टर्सचे पापनिवेदन ऐकायला येणारे धर्मगुरू म्हणजे फादर मिखाऊ सोपोच्को, तेथील विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक. तुम्हीच माझे आध्यात्मिक मार्गदर्शक होणार असल्याचे मला आधीच दाखवले गेले आहे, असे फॉस्टिना यांनी त्यांना सांगितले.

फादर सोपोच्को यांनी यावर ताबडतोब विश्वास ठेवला नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांनी या सांगण्याला महत्त्व दिले नाही आणि सिस्टरला एका कसोटीला लावले. तिचा परिणाम असा झाला की फॉस्टिना प्रमुख मदरच्या परवानगीने दुसरे धर्मगुरू शोधू लागल्या आणि काही काळाने स्वतःच्या निर्णयाने परत आल्या. आज्ञाधारकपणासाठी ज्यांचा दाखला दिला जातो, त्या सिस्टरने एका विद्वान प्राध्यापकांपासून काही काळ दूर जाण्याचा मार्ग रीतसर परवानगी घेऊन वापरला, हे चरित्र सांगणाऱ्यांनी झाकू नये.

त्यानंतर फादरनी जे केले ते या प्रकरणातील सर्वांत मोलाचे आहे, असे माझे मत आहे. त्यांनी मठाच्या प्रमुखांकडे या सिस्टरच्या वागण्याची, कामाची आणि आरोग्याची चौकशी केली. त्यांनी तिची मानसिक तपासणी व्हावी अशी मागणी केली; ती तपासणी डॉक्टर हेलेना मात्सियेव्हस्का या स्त्री मनोविकारतज्ज्ञांनी केली आणि सिस्टर मानसिकदृष्ट्या निरोगी असल्याचे मत दिले. पापनिवेदनाच्या जागी लांब बोलणे ऐकायला वेळ पुरत नसल्यामुळे त्यांनी सिस्टरना सर्व अनुभव वहीत लिहून ठेवायला सांगितले. आणि त्यांनी शेजारी राहणारे चित्रकार यूजेनियुश काझिमिरोव्हस्की यांना चित्र काढण्याची विनंती केली. दर्शनावरील विश्वासापेक्षा चित्र नेमके कसे दिसेल याच्या कुतूहलापोटी आपण हे केले, अशा आशयाची कबुलीही त्यांनी दिली आहे. अर्धवट विश्वास असलेल्या माणसाने पूर्ण काम केले, आणि त्यामुळेच आज ठाण्याच्या घराघरांत हे चित्र आहे.

मानसिक तपासणीच्या मुद्द्यावर आमच्या गटात मोठा वाद झाला. गरीब बाई काही वेगळे बोलली की तिला वेडी ठरवायचे, ही पद्धत आपल्याकडेही आहे आणि तिथेही होती, असे काही जणींचे म्हणणे पडले. पहिल्या श्रेणीतील एखाद्या शिक्षिका-सिस्टरने हेच सांगितले असते तर तिला डॉक्टरकडे पाठवले असते का, हा प्रश्नही रास्त आहे. मी तरी तपासणीच्या बाजूने आहे. प्वोत्स्कमध्ये वेडाची कुजबुज पाठीमागे चालू होती आणि तिला उत्तर देण्याची कोणतीच सोय सिस्टरकडे नव्हती. विल्नियसमध्ये तीच शंका समोरासमोर मांडली गेली, जाणकार व्यक्तीकडे नेली गेली आणि तिचा निकाल सिस्टरच्या बाजूने लागला. ज्याचे म्हणणे खरे असू शकते असे आपण धरतो, त्याचेच म्हणणे तपासण्याचे कष्ट आपण घेतो.

चित्राचे काम जानेवारी १९३४ मध्ये सुरू झाले आणि जूनपर्यंत चालले. फॉस्टिना वरचेवर चित्रकाराकडे जाऊन हात असा हवा, नजर अशी हवी, किरण असे हवेत, हे सांगत. तयार चित्र पाहून मात्र त्या रडल्या, कारण आपण पाहिलेले सौंदर्य कोणीही रंगवू शकणार नाही, असे त्यांना वाटले. त्यावर चित्राचे मोठेपण रंगांत किंवा कुंचल्यात नसून कृपेत असल्याचे आश्वासन आपल्याला मिळाले, असे त्यांनी नोंदवले आहे. एप्रिल १९३५ मध्ये विल्नियसच्या ऑस्त्रा ब्रामा या प्रसिद्ध देवळीपाशी हे चित्र प्रथम लोकांसमोर आले.

वह्यांचीही एक हकिगत आहे. १९३४ मध्ये फादर पवित्र भूमीच्या यात्रेला गेले असताना फॉस्टिना यांनी लिहिलेले सगळे जाळून टाकले; एका देवदूताने तसे करायला लावले, असा त्यांचा समज झाला होता. परतल्यावर फादरनी रागावून विषय संपवला नाही, तर जुने आठवून पुन्हा लिही आणि नवे घडेल तेही लिहीत जा, असे सांगितले. त्यामुळे रोजनिशीत काळाचा क्रम मागेपुढे झालेला आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षण झालेल्या हातांनी, दिवसाची कामे संपल्यावर मिळेल त्या वेळात, त्यांनी सहा वह्या भरल्या. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, परिच्छेद नीट पाडलेले नाहीत, आणि तरीही ही वाक्ये जगभर वाचली जातात.

अखेरची वर्षे

मे १९३६ मध्ये फॉस्टिना क्राकोवला परत आल्या. क्षयाने शरीर पोखरले होते, म्हणून आधी बागेचे आणि मग फाटकावरचे हलके काम त्यांना मिळाले. फाटकावर बेकार आणि उपाशी माणसे येत. १९३७ मध्ये एका पावसाळी, थंड दिवशी फाटक्या कपड्यांतला, अनवाणी तरुण काहीतरी गरम मागायला आला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात उरलेले थोडे सूप शोधून गरम केले, त्यात पाव कुस्करून त्याला दिले, आणि वाटी परत घेताना तो तरुण म्हणजे येशूच असल्याचे आपल्याला कळले, असे त्या लिहितात.

एक नवा संघ स्थापन करण्याची प्रेरणा आपल्याला मिळाली आहे, असेही त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी आपल्या संघातून बाहेर पडावे का, हा प्रश्न त्यांना १९३५ पासून छळत होता. आता संघाच्या सर्वप्रमुख झालेल्या मदर मोराचेव्हस्का यांनी दीर्घकाळ थांबवून धरल्यानंतर १९३७ मध्ये निर्णय त्यांच्यावरच सोपवला. परवानगी मिळाल्यावर मात्र फॉस्टिना यांना अंतःकरणात अंधार जाणवला आणि त्या आहे तिथेच राहिल्या. ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एकाच छताखाली राहणाऱ्या बहुतेक सिस्टर्सना चित्रामागची स्त्री ही आपल्या फाटकावरची सिस्टर होती, हे तोपर्यंत माहीत नव्हते.

मृत्यूनंतरची तपासणी

भक्ती युद्धकाळात झपाट्याने पसरली, पण १९५९ मध्ये व्हॅटिकनने फॉस्टिना यांनी सांगितलेल्या स्वरूपातील चित्रे आणि लेखन यांचा प्रसार करण्यास मनाई केली. रोमपर्यंत पोहोचलेली भाषांतरे सदोष होती आणि साम्यवादी राजवटीतील पोलंडमधून मूळ वह्या नीट तपासणे कठीण होते, हे या मनाईमागचे कारण पुढे सांगितले गेले. फादर सोपोच्को यांनाही समज देण्यात आली. त्यांनी ती मुकाट्याने स्वीकारली, काम मात्र सोडले नाही, आणि मनाई उठण्यापूर्वीच, १९७५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

क्राकोवचे महागुरू (आर्चबिशप) कारोल वोयतिवा, म्हणजे पुढचे पोप दुसरे जॉन पॉल, यांनी १९६५ मध्ये फॉस्टिना यांच्या जीवनाची रीतसर चौकशी सुरू केली. युद्धकाळात ते वाग्येव्ह्निकीजवळच्या सॉल्व्हे कारखान्यात मजूर होते आणि त्या मठात प्रार्थनेला थांबत, हे त्यांनी नंतर सांगितले आहे. लेखनाचा अभ्यास इग्नात्सी रूझित्स्की या धर्मपंडितांकडे सोपवण्यात आला, ज्यांचे मत सुरुवातीला अनुकूल नव्हते, पण वह्या प्रत्यक्ष वाचल्यावर ते बदलले. १५ एप्रिल १९७८ रोजी मनाई मागे घेण्यात आली. १८ एप्रिल १९९३ रोजी फॉस्टिना यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) आणि ३० एप्रिल २००० रोजी संत घोषित करण्यात आले, आणि ईस्टरनंतरचा पहिला रविवार दैवी दयेचा रविवार ठरला. सोपोच्को २००८ मध्ये धन्यवादित घोषित झाले.

म्हणजे पहिल्या सांगण्यापासून अंतिम मान्यतेपर्यंत जवळपास सत्तर वर्षे गेली. यातली बरीचशी वर्षे युद्धाने, राजवटीने आणि ख्रिस्तसभेच्या योग्य सावधपणाने घेतली, हे मान्य करूनही प्वोत्स्कपासूनच्या त्या तीन वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तिथे युद्ध नव्हते आणि दूरची भाषाही नव्हती. बोलणारी आणि ऐकणारे एकाच जेवणघरात बसत होते.

ठाण्यातील चर्चा

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी धर्मसंघांच्या नूतनीकरणावर जो आदेश काढला, त्यात स्त्रियांच्या संघांतील श्रेणीभेद काढून टाकून एकच श्रेणी असावी, असे सांगितले आहे. ज्या महिन्यात क्राकोवमध्ये एका दुसऱ्या श्रेणीतील सिस्टरच्या जीवनाची चौकशी सुरू झाली, त्याच महिन्यात रोममध्ये तिची श्रेणीच रद्द करण्याचा आदेश निघाला. हा योगायोग गटात वाचून दाखवला तेव्हा बायकांनी समाधान व्यक्त केले, पण त्या तिथे थांबल्या नाहीत.

एका बाईची भाची काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातून एका संघात गेली आहे. मुलगी हुशार, कामाला चपळ, पण मराठी माध्यमात शिकलेली. मठातले बहुतेक बोलणे इंग्रजीत चालत असल्याने ती सभांमध्ये गप्प बसते आणि स्वयंपाकघर तिच्याकडे कायमचे आले आहे. तिच्यावर कोणी अन्याय करत नाही, सगळ्या प्रेमाने वागतात, असे तिची आत्या पुनःपुन्हा सांगत होती, आणि मला तिचे म्हणणे खरे वाटते. प्वोत्स्कमध्येही कोणी दुष्ट नव्हते. पण लेखी नियमातून श्रेणी गेली, तरी बोलण्याच्या सवयीतून ती उरते का, हे प्रत्येक मठाने, आणि मठाला मुली देणाऱ्या आमच्यासारख्या प्रत्येक धर्मग्रामानेही, मोकळेपणाने पाहिले पाहिजे.

गरीब घरातील मुलगी जेव्हा संन्यस्त जीवनाची इच्छा सांगते, तेव्हा आपल्याकडे दोन टोकांचे वागणे दिसते. काही घरे ती पोट भरण्याची सोय म्हणून पाहतात, काही धर्मगुरू तिच्या निष्पाप साधेपणाचे इतके कौतुक करतात की तिला शिकवण्याची गरजच वाटेनाशी होते. फॉस्टिना यांच्या प्रकरणातून मी जे घेतो ते हे की, साधेपणाचे कौतुक करणाऱ्यांपेक्षा तिला वही देणारा माणूस तिच्या अधिक उपयोगी पडला. सोपोच्को यांनी स्वतःच तिचे अनुभव लिहून काढले असते, तर ते व्याकरणशुद्ध झाले असते आणि आज आपल्यापर्यंत एका प्राध्यापकाचा वृत्तान्त आला असता.

शेवटच्या बैठकीत भाचीच्या आत्याने ठरवले की, पुढच्या भेटीत मठाच्या प्रमुख सिस्टरांना विनंती करायची: मुलीला इंग्रजी शिकण्यासाठी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून एक तास मोकळीक द्यावी. गटातील सर्वांत वयस्कर मावशींना ही विनंती अपुरी वाटली. मुलीने इंग्रजी शिकावे हे ठीकच, पण महिन्यातून एक सभा मराठीत घ्या, हेही मागावे, असे त्या म्हणाल्या. काही जणींना ते फार धीटपणाचे वाटले, पहिल्याच भेटीत एवढे मागू नये असे त्यांचे मत पडले. या मुद्द्यावर एकमत झालेले नाही. आत्याने दोन्ही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या आहेत आणि भेटीपूर्वी गट पुन्हा बसणार आहे.